गीझरमधला रॉड काढून टाकायचा? आधी टाकी कशाची आहे ते पाहा

सध्या फिरणाऱ्या निरोपाचा मथितार्थ असा: गीझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड (अ‍ॅनोड) म्हणजे सर्व्हिसवाल्यांची वर्षासनाची सोय आहे. काचेचं अस्तर असलेली टाकी गंजत नाही, स्टेनलेस स्टीलची तर मुळीच नाही. पाण्याला वास येतो आणि तळाशी पांढरा चोथा साठतो, तोही रॉडमुळेच. तेव्हा रॉड काढा आणि पैसे वाचवा.

"काचेचं अस्तर आहे, मग गंज कसा चढेल?"

टाकी काचेची नसते, साध्या पोलादी पत्र्याची असते. त्यावर काचेची पूड बसवून ती ८०० अंश सेल्सियसच्या वर भाजतात. त्या थरात बारीक छिद्रं राहतातच, वेल्डिंगच्या सांध्यावर आणि पाइपच्या तोंडाशी जास्त. खरी गोम पुढे आहे. बऱ्याच गीझरमध्ये एलिमेंटचं (पाणी तापवणाऱ्या कॉइलचं) कवच तांब्याचं असतं आणि तेही त्याच पाण्यात बुडालेलं असतं. एकीकडे तांब्याचा मोठा पृष्ठभाग, दुसरीकडे टाचणीच्या टोकाएवढं उघडं लोखंड. अशा जोडीत सगळी झीज त्या एका ठिपक्यावर एकवटते. म्हणून गळकी टाकी कापली की आतून जवळजवळ नवी दिसते, फक्त एका जागी आरपार भोक असतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी सहज विरघळतं. रॉड पाण्यात असेल आणि टाकीशी धातूने जोडलेला असेल, तर लोखंडाऐवजी तो झिजतो.

"वर्षात रॉड अर्धा झाला, म्हणजे माल हलका."

झिजणं हेच त्याचं काम आहे. शिवाय मॅग्नेशियम नुसत्या पाण्यातही थोडं थोडं विरघळतं, त्यामुळे त्यातलं निम्मंच टाकीच्या कामी येतं. काळजी करायची ती दोन वर्षांनीही कोरा करकरीत निघालेल्या रॉडची. एकतर त्याचा फ्लँजशी (टाकीच्या तोंडावर नटांनी आवळलेल्या, एलिमेंट आणि रॉड धरणाऱ्या धातूच्या तबकडीशी) संपर्क सुटलेला असतो किंवा त्यावर क्षाराचं कडक कवच चढलेलं असतं. दोन्ही प्रकारांत टाकी उघड्यावर असते.

"स्टेनलेसला गंज नाही."

३०४ प्रतीच्या स्टीलचा शत्रू क्लोराइड. किनाऱ्याजवळच्या बोअरचं मचूळ पाणी रोज तापवलं, तर वेल्डच्या आसपास खड्डे पडतात. म्हणून अनेक स्टेनलेस टाक्यांतही रॉड असतो. मूळचा असेल तर काढू नका. नसेल तर आपल्या मनाने बसवूही नका.

"वास रॉडमुळेच येतो."

यात थोडं तथ्य आहे. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू तो तयार करतात आणि रॉडपाशी सुटणारा हायड्रोजन त्यांच्या पथ्यावर पडतो. पण आधी थंड नळ हुंगून पाहा. तिथेही वास असेल तर दोष बोअरचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा. फक्त गरम पाण्याला असेल तर थर्मोस्टॅट ६५ अंशांच्या वर नेऊन काही तास ठेवा (नळाखाली हात घालताना जपून) आणि सगळं पाणी सोडून द्या. तरी वास परतला तर मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड घाला.

"पांढरा चोथा रॉडचा."

बहुतेक सगळा पाण्यातल्या कॅल्शियमचा. रॉड काढून तो कमी होणार नाही, थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणलात तर होईल.

"अमेरिकेतल्या व्हिडिओत रॉड लावू नका असंच सांगतात."

सांगतात, आणि त्यांच्यापुरतं बरोबर सांगतात. तिथल्या आरव्हीमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, दोन तऱ्हेचे हीटर सर्रास दिसतात. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, आतल्या बाजूला झिजण्यासाठीच दिलेला थर असलेली. तिला रॉड नको, तळाशी प्लास्टिकचं बूच असतं. सबर्बनची टाकी पोलादी, अस्तराची. तिच्या बुचालाच रॉड जोडलेला असतो आणि तो पाऊण झिजला की बदलायचा असतो. आपला काचेच्या अस्तराचा गीझर या दुसऱ्याचा भाऊबंद. पहिल्याचा सल्ला त्याला लावणं चूक.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा वर्षभराने उघडून पाहा, पुढचा मुहूर्त झीज बघून ठरवा. भिंतीवरच्या उभ्या १५ किंवा २५ लिटरच्या गीझरचा क्रम असा:

एमसीबी पाडा, नुसतं बटण पुरत नाही. पाणी निवू द्या. थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडा. टाकी रिकामी होते ती थंड पाण्याच्या तोंडातून, पण तिथल्या व्हॉल्व्हमुळे पाणी उलटं येत नाही. व्हॉल्व्हची दांडी उचला किंवा व्हॉल्व्हच काढा. इथे घाई केली की फ्लँज सुटताच सगळं पाणी अंगावर. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो घ्या, थर्मोस्टॅट बाहेर ओढा, नट आळीपाळीने समोरासमोरचे सैल करा.

रॉडची आतली तार दिसत असेल किंवा जाडी तिसऱ्या हिश्शावर आली असेल तर बदला. नवा रॉड त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा हवा, आट्या एम ६ की एम ८ ते जुना दाखवूनच घ्या. फ्लँजच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या रॉडला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे पाणी अडवायचं नसतं, धातूला धातू भिडायला हवा. रबरी गॅस्केट नवं घाला. जुनं फुगलेलं असतं, परत नीट बसत नाही.

टाकीत स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, अस्तराचा टवका उडतो. संडासचं अ‍ॅसिड तर नकोच: ते उघडं लोखंड खातं आणि स्टेनलेसलाही सोडत नाही. एलिमेंटवरचा थर काढायला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (लिंबूफूल) पुरतं, रॉड मात्र आधी काढून ठेवा. शेवटी गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरा, फ्लँजभोवती कोरडा कागद फिरवून ओल तपासा, मगच वीज. रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतो.

एक गैरसमज निरोपात नाही, पण सर्रास ऐकू येतो: तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडले की टाकी फुटली. १५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटर वाढतं, ते तिथूनच बाहेर पडतं. ते तोंड कधीच बुजवू नका. झाकणाच्या कडेने तांबूस पाणी ओघळत असेल तर गोष्ट वेगळी. गॅस्केट तपासून गळती टाकीचीच निघाली, तर नवा रॉड उपयोगाचा नाही आणि वेल्डिंगही नाही, कारण त्या उष्णतेने भोवतालचं अस्तर तडकतं. टाकीच बदलावी लागते.