तोंड उघडण्यापूर्वी काही सूचना

आपल्या गावात तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर भरवावे असा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग ही विनंती की तो दोन दिवस कोणालाही सांगू नये. पुष्कळदा तो आपोआप बरा होतो. माझा बरा झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वाचनालयात असे शिबिर घ्यायचे ठरवून मी एका सरकारी कार्यालयाकडे आठ हजार सहाशे रुपये मागितले आणि त्यासाठी पाच हेलपाटे घातले. तेवढ्या भांडवलावर निवृत्त शिक्षिकेला इतरांना उपदेश करण्याचा अधिकार पोहोचतो, असे मी समजते.

पहिली सूचना मुहूर्ताची. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी असतो, तेव्हा शाळेतला कार्यक्रम त्याच दिवशी घ्यावा. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात आणि मुले फणसाच्या झाडाखाली असतात, ही अडचण समजू नये. ऐकणारे कोणी नसले की प्रश्न विचारणारेही कोणी नसतात. शपथ मात्र झाली पाहिजे आणि शपथेचा फोटो, ठिकाण व वेळ उमटलेला, संध्याकाळी पाचच्या आत पोहोचला पाहिजे. आम्ही वाडीतून अकरा मुले गोळा करून पाठवलेला फोटो परत आला, कारण त्यात फलकाचा डावा कोपरा दिसत नव्हता. मुलांचे चेहरेही नीट दिसत नव्हते, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

शाळेभोवती शंभर यार्डांवर मारायची तंबाखूविक्रीबंदीची पिवळी रेषा मृगाच्या आदल्या दिवशी मारावी, म्हणजे पुढच्या वर्षीही तेच काम शिल्लक राहते.

गुटख्याविषयी बोलू नये. तो राज्यात २०१२ पासून बंद आहे.

आता पत्रकांविषयी, आणि इथे थोडा वेळ थांबावे लागेल. पत्रकावर नेहमी सिगारेटचेच चित्र असावे, तीही लांब, पांढरी, निळसर धूर सोडणारी. आमच्या वाडीत सिगारेट ओढणारे एकूण दोघे, आणि त्यांतला एक मे महिन्यात येणारा चाकरमानी. बाकी सगळा कारभार मशेरीचा आणि चुना लावून मळलेल्या तंबाखूचा. पहाटे चुलीवर पत्र्याचा तुकडा ठेवून तंबाखू भाजली जाते, तिची भुकटी डबीत जाते, आणि सासूची डबी सुनेकडे येते. दात घासायला म्हणून सुरू झालेली ही मशेरी दिवसातून पाच-सहा वेळा लागू लागते, तरी तिला कोणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू चघळणारे, लावणारे २४.४ टक्के, म्हणजे पत्रके छापणाऱ्यांना सहापट मोठे गिऱ्हाईक सोडून लहानाची काळजी वाटते. मी सुचवले की पत्रकांऐवजी जत्रेत एखाद्या दशावतारी कंपनीला दोन प्रवेश करायला सांगावेत, आमच्या बायका रात्रभर बसून पाहतील. उत्तर मिळाले, ‘बाई, परिपत्रकात दशावतार नाही.’ जत्रेतल्या त्याच रंगमंचाच्या मागे वेलचीच्या नावाने पानमसाल्याच्या कंपनीचा जो भलामोठा फलक लागतो, तो कोणत्या परिपत्रकात आहे हे विचारायचे मी विसरले. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने तंबाखूविक्रीच्या परवाना शुल्कावर आकार बसवून ‘विकहेल्थ’ ही आरोग्यसंवर्धनाची संस्था उभी केली आणि खेळांच्या मैदानांवरचे तंबाखू कंपन्यांचे प्रायोजकत्व त्याच पैशाने विकत घेऊन हटवले. त्यांच्याकडे परिपत्रके कमी असावीत.

पैशाचा विषय काढणे हा सर्वांत मोठा अविवेक, आणि मी तो तिसऱ्या हेलपाट्यात केला. ‘निधी उपलब्ध नाही’ असे सांगण्यात आल्यावर मी विचारले की, पुडीपुडीमागे जो कर घेतला जातो त्यातले काही या कामाला नाही का मिळत? समोरच्या गृहस्थांनी अत्यंत समजूतदारपणे सांगितले, ‘बाई, विहिरीत ओतलेली कळशी कोणाची ते पुन्हा ओळखता येते का?’ उपमा मला आवडली. फक्त कोकणात राहणाऱ्या माणसाला एवढे माहीत असावे की पोफळीच्या बागेला पाणी द्यायचे तर ते आधी विहिरीत ओतत नाहीत, पाट काढून बागेपर्यंत नेतात.

असा पाट काढणारे भोळे लोक जगात आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर २५ सेंटचा जादा कर स्वतःच मंजूर केला आणि त्यातला २० टक्के वाटा आरोग्यशिक्षणाला व ५ टक्के संशोधनाला असे कायद्यातच लिहून ठेवले. १९९२ मध्ये तिथल्या राज्यपालांनी तंबाखूविरोधी जाहिरातींचा पैसा अडवला, तेव्हा फुफ्फुसांच्या आरोग्यासाठी काम करणारी लंग असोसिएशन ही संस्था न्यायालयात गेली आणि जिंकली. थायलंडने २००१ मध्ये दारू आणि तंबाखूच्या अबकारी करावर २ टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी केला. आपल्याकडे असे जमत नाही असे म्हणावे, तर १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला होता, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. विडी वळणाऱ्यासाठी निदान काही वर्षे पाट होता, ओढणाऱ्यासाठी आणि चघळणाऱ्यासाठी तोही नाही. २०२५ मध्ये संसदेने पानमसाल्याच्या उत्पादनावर आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा या दोहोंसाठी मिळून एकच उपकर बसवला. त्यातले सीमेवर किती जाईल आणि माणसाच्या जबड्यापर्यंत किती येईल, हे विचारण्यासाठी कोणत्या खिडकीपुढे रांग लावावी, हे आपणास समजल्यास कृपया मलाही कळवावे.

संशोधन तर अजिबात मागू नये, ते झालेले असण्याचा धोका असतो. तिरुअनंतपुरमजवळ हजारो लोकांच्या तोंडाची तपासणी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी केली; २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. यंत्र लागले नाही, इमारत लागली नाही. मी मागितलेल्या आठ हजार सहाशे रुपयांत एका दंतवैद्यांचा दोन दिवसांचा प्रवास, हातमोजे, लाकडी पट्ट्या, दोन विजेऱ्या आणि चहा एवढेच होते.

आमच्या शेजारच्या वहिनींना कोणी तोंड उघडायला सांगितलेच नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा वर्षभर होता, दुखत नव्हता, म्हणून त्यांनी दाखवला नाही. तो कोणाला दाखवायचा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. चांगल्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. त्यांच्या तोंडात एक जेमतेम जात होते, तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘बाय, भाकरी जाणा नाय गे.’ त्यानंतर तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ, पुन्हा परत, पुन्हा परळ. दोन काजूची कलमे आणि एक गाय त्यात गेली. अर्धा जबडा काढला. आणि ज्या महिन्यात त्यांचे टाके निघाले, त्याच महिन्यात मला कार्यालयातून निरोप आला की ‘निधी नाही, पण साहित्य मंजूर झाले आहे’. साहित्य म्हणजे खोक्यात बांधलेली पाचशे पत्रके, त्यांवर लांब पांढऱ्या सिगारेटचे चित्र, आणि सोबत सहीसाठी एक कागद, ज्यावर शिबिर ‘यशस्वीरीत्या संपन्न झाले’ असे आधीच छापलेले होते.

आता उपरोध पुरे. कार्यालयातल्या साहेबांनो, हा पैसा तुमचा नाही. तो वहिनींनी आणि त्यांच्यासारख्या लाखो माणसांनी पुडीपुडीने भरलेला आहे, आणि त्यातून एक विजेरी मागायला आलेल्या माणसाला तुम्ही पाच वेळा परत पाठवता, याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे. विक्रीवर शुल्क घ्या, टपरीचा परवाना महाग करा, पुडी महाग करा, आम्ही हूं की चूं करणार नाही. पण त्यातला ठरलेला वाटा कायद्यात लिहा, त्याचे खाते वेगळे ठेवा, आणि मशेरीविषयी, चुना-तंबाखूविषयी, आमच्या बोलीत, आमच्या बायकांसमोर बोलण्यासाठी तो खर्च करा. आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा! आईची डबी भरून आणता, पत्रा तापला की धुराने डोळे चोळता, आणि तिच्या तोंडात कधी वाकून पाहत नाही. आज पाहा, उजेडात, गालाच्या आत, जिभेखाली.

शिबिर आम्ही वर्गणी काढून श्रावणात घेतले. एकशे चौदा तोंडे तपासली, सहा जणांना पुढे पाठवले. पत्रकांचे खोके वाचनालयात तसेच बांधलेले आहे आणि त्या छापील कागदावर मी सही केलेली नाही, करणारही नाही.