डाईंगच्या नालीतला गुलाबी क्षण

मास्तर अमेरिकेहून आले तेव्हा वाटलं होतं, आठ दिवस तरी कट्ट्यावर चॉकलेटं फिरतील. फिरलं ते एक गाव. ओहाय. इंग्रजीत लिहिताना ‘ज’ आणि म्हणताना ‘ह’. त्या स्पेलिंगवरच पहिला चहा संपला.

मे महिना, रात्रीचे साडेआठ, तरी सोलापुरात चार पुतळ्यांसमोरच्या बंद दुकानाची पायरी बुडाला चटका देत होती. मास्तर मोबाईलमधले फोटो दाखवायले. पोरगा लॉस एंजेलिसला. तिथून शंभरेक किलोमीटरवर हे डोंगरांनी वेढलेलं खोरं, लोकसंख्या साडेसात हजार.

“साडेसात हजार?” इरण्णा म्हणाला. “एवढी माणसं तर गड्ड्याच्या जत्रेत एका पाळण्याच्या रांगेत असतेत.”

“ऐक तर खरं. तिथं चित्रकार हायत, कुंभारकाम करणारे हायत, 1947 पासून संगीत महोत्सव हाय. संध्याकाळी डोंगर पाच-दहा मिनिटं गुलाबी होतो. खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं हाय, त्यामुळं मावळतीचं ऊन थेट टोपाटोपा डोंगराच्या कड्यावर पडतंय. त्याला ‘गुलाबी क्षण’ म्हणतेत. लोक कामं थांबवून बगतेत.”

अंबादास इतका वेळ गप्प होता. त्याचे बारा माग आहेत, त्यातले सात चालू. तो म्हणाला, “मास्तर, गुलाबी क्षण आमच्या सूत रंगवायच्या डाईंगच्या नालीत रोज असतोय. मंगळवारी हिरवा क्षण. कोण येत नाही बगायला.”

हसून झालं, आणि खरा वाद तिथून सुरू झाला.

मास्तरांचं म्हणणं असं, की गावाला वळण लावावं लागतं. ओहाय आधी नॉर्डहॉफ होतं, एका पत्रकाराच्या नावावरून. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणारं नाव नको म्हणून 1917 साली बदललं. (आपण तरी सोन्नलगीचं सोलापूर कधी झालं याचा पत्ता कुठं लागू दिला?) त्याच वर्षी लिबी नावाच्या काचेच्या कारखानदारानं पैसा ओतला आणि साध्या लाकडी बाजारपेठेपुढं स्पॅनिश धाटणीची कमानींची ओळ उभी केली. पोस्टाला मनोरा बांधला. त्या कमानी आजही गावाची ओळख आहेत, आणि साखळी दुकानांवर गावानं निर्बंध घातलेत.

“म्हणजे मेकअप,” इरण्णा म्हणाला. “एका शेठजीनं जुन्या दुकानांच्या तोंडाला पावडर लावली. आपल्या नव्या पेठेला लावा की!”

“आपल्यात पावडरवर फ्लेक्स लागंल,” मी म्हणालो.

मग मास्तरांनी पुस्तकांच्या दुकानाचा फोटो काढला. 1964 पासूनचं, उघड्या आभाळाखालचं. दुकान बंद झालं तरी रस्त्याकडेची कपाटं तशीच भरलेली. पुस्तक घ्यायचं, पैसे टाकायचे, चालू पडायचं.

“आपल्यात पुस्तकं राहतील,” अंबादास म्हणाला, “कपाट जाईल.”

पण मास्तर खरे रंगले ते कृष्णमूर्तींवर. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती 1922 साली तिथं गेले आणि 1986 मध्ये तिथंच वारले. ओहायला ध्यान, योग, शांतता असं जे वलय आहे, त्यात थिऑसॉफी या अध्यात्मपंथाच्या लोकांचा आणि त्यांचा वाटा मोठा.

“कुठले हो ते?” अंबादासनं विचारलं.

“मदनपल्ली. आंध्र.”

“तेलुगूच की मग!” तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजातल्या पोराची मान एकदम ताठ. पुढची पाच मिनिटं ओहाय त्याला बरं वाटायला लागलं.

इरण्णाला नाही वाटलं. “1929 ला त्यांनी स्वतःचा संघ मोडला ना? मला गुरू करू नका म्हणाले. आणि आता त्याच गावात मनःशांतीचे वर्ग आणि मालिश. मला एक सांगा, ते तिथं गेले कशाला?”

इथं मास्तर जरा थबकले. कारण होतं त्यांच्या धाकट्या भावाची, नित्यानंदची तब्येत. त्याला क्षय होता. खोऱ्यातली कोरडी हवा मानवेल म्हणून दोघं तिथं राहिले. नोव्हेंबर 1925 मध्ये भाऊ त्याच ओहायमध्ये वारला. कृष्णमूर्ती तेव्हा भारताकडं निघालेल्या बोटीवर होते, सुएझजवळ तार मिळाली.

कट्टा थोडा वेळ गप्प झाला. एक रिक्षा भोंगा वाजवत गेली.

“कोरड्या हवेनं माणूस वाचत असता,” अंबादास हळूच म्हणाला, “तर आपल्या गावात कोणी खोकलंच नसतं. माझा बाप कापसाच्या धुळीत गेला. हवा कोरडीच होती.”

यावर कोण काय बोलणार? मास्तरांनी चष्मा पुसला. इरण्णानं मात्र गावच्या दैवताला, सिद्धरामेश्वरांना मैदानात आणलं. बाराव्या शतकात सिद्धरामांनी शरणांना, म्हणजे शिवभक्तांना घेऊन तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. “कायक म्हणजे काय? काम हीच पूजा. आपलं ध्यान कुदळीनं झालंय मास्तर. गादीवर बसून नाही.”

“आणि त्या तळ्यात आज उभं राहवतंय का वासानं?” मास्तर. हा टोला लागला. इरण्णा दोन घोट काहीच बोलला नाही.

मला स्वतःला गुंतवलं ते एका बाईच्या गोष्टीनं. बिअ‍ॅट्रिस वुड. चाळिशीच्या घरात असताना कृष्णमूर्तींची व्याख्यानं ऐकायला हॉलंडला गेली, तिथं तिनं चकाकत्या झिलईच्या जुन्या बशा घेतल्या. त्याला जुळणारी चहाची किटली कुठं मिळेना. मग स्वतःच करू म्हणून मातीकामाच्या वर्गात बसली. 1948 ला ओहायला आली, 1961 ला भारतात येऊन गेली, पुढं साडी नेसूनच चाकावर बसायची. 1998 मध्ये वारली तेव्हा वय 105. तिचं घर आता कलाकेंद्र आहे.

“किटली जुळंना म्हणून?” अंबादास खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते मी रात्रभर डोक्यात घेऊन झोपलो. त्याच्याकडं चादरीची कार्डं मारणारा एक म्हातारा होता. ग्राफ पेपरवर मोर काढायचा. एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा धागा उचलायचा की सोडायचा. त्याप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं. एक भोक चुकलं की मोराच्या मानेत दांडी. त्याच्या मोरावर अर्ध्या महाराष्ट्रानं पाय पसरले असतील. “त्याला आम्ही काय म्हणायचो? कार्डवाला. मजुरी नगावर.”

चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर गावाचं नाव आहे. मोर काढणाऱ्याचं कुठंच नाही. ओहायवर जळायचं असलंच तर मी डोंगरावर जळत नाही. किटली करणाऱ्या बाईला तिथं कलाकार म्हणाले, यावर जळतो. अर्थात तिला नगावर मजुरी मोजायची वेळ आली नव्हती, हेही खरं. हे मी बोललो तर मास्तर म्हणाले, “तू दोन्हीकडून बोलायलास.” बोलायलो होतो.

तेवढ्यात इरण्णा पुन्हा उठून बसला. त्याला शेवटचा मुद्दा सापडला होता. “आणि तिथल्या बागांत संत्री तोडणारे मजूर कुठं राहतेत? त्याच गावात?”

“घरं फार महाग हायत तिथं,” मास्तरांनी कबूल केलं. “पाण्याचीही बोंब असते. डोंगर पेटतेत. 2017 च्या डिसेंबरात वणव्यानं गावाला चारी बाजूंनी घेरलं होतं.”

“मग आपल्यासारखंच की! नुसत्या कमानी जास्त.”

“आणि पुस्तकं,” मास्तर.

इरण्णाचा फोन वाजला. वहिनींचा आवाज आम्हाला चौघांनाही ऐकू आला. पाणी आलं होतं. पाचव्या दिवशी, तेही फोर्स नसलेलं. त्यानं चप्पल शोधली, गाडीला किक मारली आणि वळताना ओरडला, “अंबादास, चहाचे पैसे दे बे, आज माझी पाळी होती!”

“मग तूच दे की!”

गाडी सात रस्त्याकडं गेली होती. मास्तरांनी पाकीट काढलं, त्यात डॉलर निघाले.