डीएमझेड लावून घरचा कॅमेरा दिसत नसतो

चवथ जवळ आली की गावच्या वॉट्सॲप गटांवर तोच मेसेज फिरू लागतो: "मॉडेमचं १९२.१६८.१.१ पान उघडा, पोर्ट ८० डीव्हीआरकडे फॉरवर्ड करा, जमलं नाही तर सरळ डीएमझेड लावा. दुबईतून, बोटीवरून, कुठूनही पेडण्याचं घर दिसेल. नेटही वेगवान होतं."

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, पोर्ट म्हणजे त्यात शिरायचं क्रमांकाचं दार. फॉरवर्ड केलं की बाहेरून त्या दाराशी आलेली हाक राउटर डीव्हीआरकडे पाठवतो; डीएमझेड लावलं की सगळ्याच दारांवरची. 'कुठूनही दिसेल' हे आधी तपासा. आशिया-पॅसिफिकमधला इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) पत्त्यांचा मोकळा साठा २०११मध्येच संपत आला. तेव्हापासून अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होत असेल, तर बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. तुमच्या राउटरपर्यंत ती पोचतच नाही, मग त्यातला नियम कितीही अचूक असो. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर भानगड बहुधा घरातलीच: फायबरचा डबा आणि तुमचा राउटर, दोघेही नॅट करतायत, म्हणजे आपापल्या एका पत्त्याआड बाकीची यंत्रं बसवतायत. डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो नॅट न करता जोडणी नुसती पुढे देईल.

सार्वजनिक पत्ता असला तरी 'एकदा लावलं की झालं' हे आपल्याकडच्या पावसाळ्यात तरी कुणी बोलू नये. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की बाहेरचा पत्ता बदलू शकतो. डीव्हीआरचाही, तो राउटरमध्ये राखून ठेवला नसेल तर.

डीएमझेडचा सल्ला मात्र निव्वळ घातक. त्याने डीव्हीआरचे सगळेच पोर्ट जगाला उघडे पडतात. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे-डीव्हीआर ताब्यात घेतले. पासवर्ड बदलूनही निर्धास्त होता येत नाही: २०२१मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत सापडलेल्या त्रुटीला पासवर्ड लागतच नव्हता. पोर्ट ८० ऐवजी ८०८० टाकणं म्हणजे कुलूप न लावता दार परसात हलवणं.

वेगाचं म्हणाल तर पोर्ट उघडल्याने टॉरंट किंवा काही गेमना जोडण्या जास्त मिळतात, इतकंच. प्लॅनचा वेग तोच.

बहुतेक घरांना डीव्हीआरचं क्यूआर कोडवालं ॲप पुरतं. ते सीजीनॅटमागूनही चालतं. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेतलाच, तर घरी वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा) बसवून फक्त त्याचा यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, फॉरवर्ड करा. आणि राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून बसेल.