सूड पाच मिनिटांचा, तालीम दोन तासांची

जुन्या हाँगकाँगी मारामारीच्या सिनेमांबद्दल काही चांगलं लिहिलं की एक कॉमेंट ठरलेली असते. "त्यात स्टोरी काय असते? गुरूला मारलं, चेला डोंगरावर गेला, शिकून आला, व्हिलनला लोळवलं, संपलं!" अहो, बरोबरच आहे. एवढीच असते स्टोरी. आणि पहिल्या दहा मिनिटांत ती सगळ्यांना कळलेली असते, प्रेक्षकाला, हिरोला आणि बहुतेक व्हिलनलासुद्धा. मग शेवट ठाऊक असताना माणसं दोन तास बसतात कशाला? माझ्या मते सूडासाठी नाही बसत. सूड हे निमित्त. बसतात ती मधल्या भागासाठी, जिथे हिरो अजून सूड घ्यायच्या लायकीचा झालेला नसतो.

१९६७चा 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' बघा. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचा सिनेमा, दिग्दर्शक चांग चे, हिरो जिमी वांग यू. तिकीटबारीवर १० लाख हाँगकाँग डॉलरचा टप्पा ओलांडणारा तिथला पहिला सिनेमा म्हणून याचं नाव घेतात. मालकाला वाचवताना एक नोकर मरतो. मालक मोठा तलवारबाज. तो त्या नोकराच्या पोराला घरी ठेवून घेतो, शिकवतो. बाकीचे श्रीमंत शिष्य त्याला पाण्यात पाहतात, आणि मालकाची लाडावलेली लेक रागाच्या भरात त्याचा उजवा हात छाटते. तलवारबाजाचा उजवा हात! संपला की विषय. एक शेतकरी मुलगी त्याला वाचवते. तिचा बाप या तलवारींच्या भानगडीतच मेलेला, म्हणून तिला ही विद्या नको झालेली. तरी बापाची एक पोथी ती याला काढून देते. पोथी अर्धी जळलेली, आणि उरलेल्या पानांत आहेत फक्त डाव्या हाताचे डावपेच.

हा योगायोग किती सरळसरळ जुळवलाय हे कळतं आपल्याला. तरी गळी उतरतो, कारण त्यानंतर पोरगा काय करतो ते दिग्दर्शक दाखवत बसतो. स्वतःच्या बापाची मोडकी, आखूड पात्याची तलवार घेऊन डाव्या हाताने सुरुवात. तिकडे मालकाच्या जुन्या वैऱ्याने मालकाच्या घराण्याची लांब तलवार अडकवून धरणारं एक खास हत्यार बनवलेलं असतं. त्याच्यापुढे मालकाचे एकेक शिष्य कोंबड्यांसारखे मरतात. आणि या मोडक्या तलवारीपुढे तेच हत्यार फुकट जातं. म्हणजे पोराचं जे जे हिरावलं गेलं, तुटलं, जळलं, तेच कामाला येतं. यात भाषण नाही, कोणी कोणाला समजावत नाही. हत्यारांच्या लांबीतून सगळं कळतं. आणि जिने हात तोडला तिच्यावर तो सूड उगवतच नाही, उलट तिला वाचवतो. मालक गादी द्यायला निघतो, तर हा म्हणतो मी शेती करणार. गेला निघून त्या मुलीबरोबर.

चिनी परंपरेत सूडाला मुळातच सबुरी जोडलेली आहे. बापाच्या मारेकऱ्याबरोबर एका आभाळाखाली राहू नये, असं कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या 'लीजी' या जुन्या ग्रंथात आहे. आणि जोडीला म्हण अशी की, सज्जनाने सूड घ्यायला दहा वर्षं लावली तरी उशीर होत नाही. एकीकडे कर्तव्य मानगुटीवर, दुसरीकडे घाई करू नकोस. या दोन्हींच्या मध्ये जी वर्षं सापडतात, ती हे सिनेमे दाखवतात.

त्या वर्षांवरचा सगळ्यात मोठा सिनेमा म्हणजे १९७८चा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. परवा भाच्याला घेऊन पुन्हा बघितला. अर्धा तास झाला नसेल तर म्हणतो, "मामा, हा मारामारी कधी करणार?" म्हटलं, अजून त्याला जेवायला मिळायचंय. खरंच तसंच आहे. चीनवर राज्य करणाऱ्या परक्या मांचूंच्या एका सरदाराने घरादाराची राखरांगोळी केल्यावर हिरो जखमी अवस्थेत शाओलिनला, कुंग फूसाठी प्रसिद्ध बौद्ध मठात, पोचतो. तिथे कोणाला त्याच्या दुःखाचं पडलेलं नाही. वर्षभर पडेल ती कामं. मग शिकायची परवानगी मिळाल्यावर हा उत्साहाने मठातल्या ३५ वर्गांपैकी (नावातलं 'चेंबर' म्हणजे हा वर्ग) थेट सगळ्यात वरच्या वर्गात घुसतो आणि आपटी खाऊन खाली येतो. पहिला धडा काय, तर जेवणघराच्या वाटेत पाणी आहे आणि पाण्यात ओंडक्यांची मोळी तरंगतेय. तिच्यावर पाय देऊन पलीकडे जायचं. पाय जोरात पडला की मोळी बुडते, तुम्ही पाण्यात, आणि ओल्या कपड्यांनी जेवायला बसता येत नाही. किती वेळा पडतो तो! पडून पडून एकदा त्याच्या लक्षात येतं की पाय दाबायचा नाही, फक्त टेकवायचा.

पुढचा धडा पाण्याच्या बादल्यांचा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताठ, हातात भरलेल्या बादल्या, समोर चढ. आणि दंडांना सुऱ्या बांधलेल्या, टोकं बरगड्यांकडे. हात दमून खाली आला की सुरी बोचते. इथे भाचा मोबाइल ठेवून सरसावून बसला. एकही शत्रू समोर नव्हता बरं का. माणूस फक्त पाणी वाहत होता.

आता सूडाचा हिशोब करा. ज्या सरदारामुळे हे सगळं झालं, त्याला शेवटी काही मिनिटांत निकालात काढलेलं आहे. दिग्दर्शकालाच त्यात फार रस नाही. त्याला रस आहे पुढच्या गोष्टीत: ही विद्या मठाबाहेरच्या सामान्य लोकांना मिळावी म्हणून ३५ वर्गांच्या पुढे ३६वा वर्ग काढायचा. सूड घ्यायला निघालेला माणूस मास्तर होऊन बसतो.

दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंगला हे कळणारच होतं, कारण तो स्वतः घराण्यातला गवई होता असं म्हणा ना. दंतकथा होऊन बसलेला कुंग फू गुरू वाँग फेई-हुंग हा खरा माणूस. त्याचा शिष्य लाम साय-विंग. त्याचा शिष्य लाऊ चाम. आणि लाऊ चामचा मुलगा हा लाऊ कार-ल्युंग. आधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांच्या मारामाऱ्या बसवल्या, वर सांगितलेल्या एका हाताच्या सिनेमाच्यासुद्धा, आणि १९७५मध्ये तो दिग्दर्शक झाला. ३६व्या वर्गाचा हिरो गॉर्डन लिऊ हा लाऊ चामचाच शिष्य, गुरूचं आडनाव लावणारा. म्हणजे पडद्यावर गुरु-शिष्य, पडद्यामागेही गुरु-शिष्य. आजच्या अॅक्शन डायरेक्टरांना तीन महिन्यांत हिरोकडून काम करून घ्यावं लागतं, त्यांना दोष देत नाही मी. पण फरक दिसतो. इथे कॅमेरा मागे राहतो, डोक्यापासून पावलापर्यंत दोन्ही माणसं चौकटीत, आणि दहा-पंधरा डाव एका दमात. लपवायचं काही नव्हतं, म्हणून कट कमी.

गंमत म्हणजे आपण लोकांनी हे कधी धड पाहिलंच नव्हतं. आमच्या गावात व्हिडिओ पार्लरला जी कॅसेट लागायची ती कुठल्या कॉपीची कॉपी असायची देव जाणे. त्यात शॉ ब्रदर्सचा लांबरुंद पडदा टीव्हीच्या चौकोनात कोंबलेला, दोन्ही कडा कापलेल्या. हिरो हवेत लाथ मारतोय, आणि लाथ खाणारा चौकटीबाहेर! नुसता "ढिशॅव" ऐकायचा आणि कोणीतरी पडलं असं धरून चालायचं. पुढे २००० साली सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने शॉ ब्रदर्सचा साडेसातशेच्या वर सिनेमांचा साठा विकत घेऊन प्रिंट साफ करून काढले, तेव्हा कळलं की अर्धा सिनेमा कडेला होता.

या सगळ्याला उलटं उत्तर देणारा माणूस म्हणजे ब्रूस ली. माझ्या मांडणीत तो बसत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. १९७२चा 'फिस्ट ऑफ फ्यूरी' बघा. शांघाय, गुरू हुओ युआनजियाची जिंगवू ही कुंग फूची शाळा. हुओ खरा माणूस, शाळाही खरी, दोन्हींच्या बाबतीत १९१० हे साल महत्त्वाचं: शाळा निघाली त्याच साली आणि तो गेलाही त्याच साली. जपान्यांनी त्याला विष दिल्याची अफवा सिनेमाच्या आधीपासूनची, सिनेमाने ती खरी धरली, आणि सूड घेणारा चेन झेन हा शिष्य मात्र काल्पनिक. चेन झेनला शिकायचं काहीच उरलेलं नाही. तो पहिल्या सीनपासून तयार आहे, गुरूच्या कबरीवर कोसळून रडतोय आणि नंतर फक्त फुटतोय. तालीम नाही, थांबणं नाही. आणि म्हणूनच बघा, तो एकीकडे सूड घेत फिरतो तेव्हा दुसरीकडे त्याच्या शाळेत रक्ताचा सडा पडतो. घाईची किंमत गुरुबंधू मोजतात. शेवटी बंदुकांच्या रांगेवर त्याने घेतलेली झेप, चित्र हवेतच गोठलेलं. दहा वर्षं थांबणाऱ्यांच्या सिनेमांइतकंच हे मला आवडतं, पण ते वेगळ्या जातीचं आहे. ब्रूस ली पाहून माणूस पेटतो. गॉर्डन लिऊ पाहून माणूस दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर लावतो. (तिसऱ्या दिवशी बंद करतो, ते सोडा.)

जळालेला मठ, पांगलेले शिष्य, परक्यांची सत्ता: हे या सिनेमांत इतकं परतपरत का येतं? हाँगकाँगचा प्रेक्षक कोण होता ते बघा. १९४९च्या आगेमागे चीनमधून लाखो माणसं घरदार सोडून तिथे आली. परत जायची वाट बंद, डोक्यावर ब्रिटिश राज्य. मठ जळाल्याची गोष्ट त्यांना परीकथा वाटत नसणार. (भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या भिक्षूची कॉमेंट टाइप करणाऱ्यांनो, थांबा. त्याने शाओलिनला कुंग फू शिकवल्याची कथा फार तर सतराव्या शतकातल्या एका पुस्तकापर्यंत मागे जाते. तो स्वतः त्याच्या हजारेक वर्षं आधीचा.)

दोष नाहीत असं कोण म्हणतंय? टकलाचे रबरी टोप कपाळावर सुरकुततात. तेच अंगण, तोच जिना दहा सिनेमांत. झूम इतका दणादण की डोळे गरगरतात. फिस्ट ऑफ फ्यूरीतले जपानी म्हणजे माणसं नव्हेतच, नुसती बुजगावणी. चांग चेच्या बायका पडद्याच्या कडेला उभ्या, त्याचं सगळं प्रेम उघड्या छातीने मरणाऱ्या पुरुषांवर. १९७०च्या 'व्हेंजन्स'मध्ये डेव्हिड चियांग पांढऱ्या सुटात भावाचा सूड घेतो, तो सूट लाल व्हावा म्हणूनच पांढरा शिवलाय हे आंधळ्यालाही कळतं. मला चांग चे एका मर्यादेपलीकडे सोसत नाही. रक्त फार, तालीम कमी.

आणि तो शेवट! व्हिलन जमिनीला टेकतो न टेकतो तोच चित्र गोठतं आणि पाटी: समाप्त. गळाभेट नाही, अंत्यसंस्कार नाही, हिरो घरी कसा गेला ते नाही. पूर्वी वाटायचं रीळ कमी पडलं असेल. आता मला हाच शेवट सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ज्या कामासाठी उभा जन्म घातला ते संपलं, आता याच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर आधी एका हाताचा, मग छत्तीसावा वर्ग, तेही मँडरिन चिनी आवाजात, इंग्रजी डबिंग चुकूनही नको. त्यानंतर लाऊ कार-ल्युंगचाच १९७७चा 'एक्झिक्युशनर्स फ्रॉम शाओलिन'. त्यात बाप वर्षानुवर्षं फक्त वाघाची शैली घोटतो, बायकोची बगळ्याची शैली शिकायला त्याचा अहंकार आड येतो, आणि पांढऱ्या भुवयांचा व्हिलन पाय मेई, त्याच्या हातून तो मरतो. मुलाला वारशात मिळते बापाची किडीने खाल्लेली पोथी. जिथे पान खाल्लेलं, तिथे तो आईकडून शिकलेला बगळा भरतो. झकास आहे. फक्त त्यातल्या लग्नाच्या रात्री नवरी पाय घट्ट आवळून उभी राहते आणि नवरदेव आपली सगळी कुंग फू पणाला लावूनही हरतो, तेव्हा आईवडील किंवा शाळकरी भाचा शेजारी बसलेला नाही एवढं बघून घ्या.