'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

प्रवरेचा ऊस आणि तिथला सहकारी साखर कारखाना यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'पुण्यात एसीत बसून प्रवरेच्या उसावर लिहायला काय जातं? अहवालाचं साल चुकलंय. कारखाना शेतकऱ्यांच्या शेअरच्या पैशांवर उभा राहिला, अहवालावर नाही. तो गावात वाचला तरी कोणी?' आणि खाली 'सप्रेम'!

सालाचं मान्य. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांवरचा, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी लिहिलेला पुण्याच्या गोखले संस्थेचा अहवाल १९४८चा, मी १९५० लिहून बसलो. दुरुस्त केलंय, आभार.

आता एसी. माझ्याकडे पंखा आहे, तोही कुरकुरतो. माझे आजोबा कोपरगावात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबलं की अडतीवर कशी अवकळा पसरते, हे ऐकतच मी मोठा झालो. पुढे १९९३ साली प्रश्नावल्यांचा गठ्ठा कॅरियरला बांधून सहा महिने सायकलवर त्याच पट्ट्यातली गावं पालथी घातली. एका गावात कर्जमाफीवाले समजून चहा मिळाला, दुसऱ्यात वसुलीवाले समजून कुत्रं अंगावर सोडलं. पोटरीवरचा वण अजून आहे. तेव्हा खुर्चीची भाषा मला ऐकवू नका. शिवाय तुमच्या फोटोमागे ऊस नाही, काचेची इमारत दिसते. (हे लिहायला नको होतं. पण आता राहू द्या.)

आणि अहवाल लिहिणारे गाडगीळ तरी कुठे खुर्चीला चिकटून होते? त्यांची पुण्याच्या फळबाजाराची पाहणी १९३३ची, सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची १९३५ची. फळं कुणाच्या हातून जातात, गाड्या कशा चालतात, हे त्यांनी बाजारात आणि रस्त्यावर जाऊन मोजून घेतलं. कालव्यांच्या अहवालातही पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही लाभ धरले. कालवा परवडतो की नाही, हा हिशेबच त्याने बदलतो. अन् हेच गाडगीळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभे राहिले, प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अहवाल वाचला कोणी म्हणता? लिहिणाराच अध्यक्षाच्या जागी बसला होता, आणखी कोणी वाचायला हवा होता?

शेअरच्या पैशांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, लिहीन कधीतरी. तुम्हीही पुन्हा लिहा. तेवढं 'एसीत बसून' गाळलंत, तर उत्तर लवकर मिळेल.