‘शेड ठोका, पट्टे मारा’: इनडोअर स्टेडियमवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

सोलापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, नाहीतर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इनडोअर स्टेडियम म्हणजे कोट्यवधींची उधळपट्टी. एमआयडीसीत गोदामं बांधतात तसं एक मोठं शेड ठोका. मधे मधे पारदर्शक पत्रे टाका, दिवसा लाइटबिल नाही. खाली कोबा करून मॅट अंथरा, पाच-सहा खेळांचे पट्टे मारा, झालं बहुउद्देशीय. कबड्डी-खो-खो तर मातीतले खेळ, त्यांना छप्परही नको. उरलेले दिवस हॉल लग्नाला द्या, खर्च निघेल. आणि शेवटी, ‘पटलं तर पुढे पाठवा बे.’

पटलंय बऱ्याच जणांना. खर्चाचा प्रश्न विचारला यात गैर काहीच नाही. पण सुचवलेले उपाय एकेक करून तपासले तर उभं राहील ते गोदामच, खेळाचा हॉल नाही.

गोदामाची उंची मालाच्या थप्पीवर ठरते, हॉलची उंची चेंडू आणि शटल किती वर जातं त्यावर. बास्केटबॉल, हँडबॉल, व्हॉलीबॉलला मैदानाच्या वर किमान 7 मीटर मोकळी जागा लागते. जागतिक दर्जाच्या व्हॉलीबॉल स्पर्धेला 12.5 मीटर. बॅडमिंटनला 9 मीटर तरी हवेत, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला 12. आणि ही उंची मोजायची ती सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत, मग ती कैची (छपराला तोलणारा लोखंडी सांगाडा) असो, दिवा असो की हवेचा डक्ट. शेडवाला सांगतो ती बहुतेक वेळा मधल्या आढ्याची असते. कडेला छप्पर सहा-सात मीटरवर उतरलेलं असतं आणि तिथल्या कोर्टवर उंच मारलेलं शटल थेट कैचीत जातं. फरशी पुढे बदलता येते, दिवे बदलता येतात. खांब उंच करता येत नाहीत.

पत्र्याबद्दल सोलापूरकराला वेगळं काही सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो तेव्हा उघडा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि तीच धग खाली फेकतो. यावर ‘मग एसी लावा’ असं उत्तर लगेच येतं. एवढ्या उंच हॉलमधली सगळी हवा थंड करत बसलो तर बिलाबाबत फॉरवर्डवाल्याचंच खरं ठरेल. आधी छपरातून ऊन आत येऊ न देणं स्वस्त पडतं: दोन पत्र्यांच्या मधे उष्णतारोधक थर, फिकट रंग, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, आढ्यापाशी तापलेली हवा बाहेर जायला वाट. कोरड्या उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरही चांगले चालतात.

खरी अडचण पुढे आहे, आणि आराखडा करणाऱ्याचा कस तिथेच लागतो. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं. खिडक्या उघड्या ठेवल्या, मोठे पंखे लावले की कबड्डीवाले खूश आणि बॅडमिंटनवाले हैराण. एका बाजूने मारलेलं शटल आत पडतं, दुसऱ्या बाजूने तेच बाहेर. म्हणून हवा खालून, रुंद तोंडातून, हळू सोडावी लागते. पंख्यांचे स्वतंत्र गट करावे लागतात, म्हणजे शटल चालू असताना तेवढ्या भागातले बंद ठेवता येतात. गोदामात ठेवलेल्या पोत्यांना वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं.

‘आपल्याकडे पाऊस तो किती, छपराला काय होतंय’ हेही त्या फॉरवर्डमध्ये एका ओळीत आहे. आपल्याकडे पाऊस कमी, पण परतीचा पडतो तेव्हा धो-धो पडतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीचं केम्पर अरीना 1974 मध्ये उघडलं, आणि 4 जून 1979 ला वादळी पावसात त्याच्या छताचा मोठा भाग कोसळला. छतावर पाणी साचलं, वजन वाढलं आणि छत टांगून धरणारे बोल्ट तुटले. नशिबाने त्या वेळी आत कार्यक्रम नव्हता. मधे खांब नसलेलं मोठं छप्पर हे अंदाजाने करायचं काम नाही.

आता पारदर्शक पत्रे. ही सूचना वरवर शहाणपणाची वाटते आणि खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. त्या पत्र्यातून उन्हाचा लख्ख तुकडा जमिनीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. वर बघून शटल घ्यायला गेलं की पांढरं शटल पांढऱ्या उजेडात गायब. म्हणूनच बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दिवे कोर्टच्या डोक्यावर न लावता बाजूंना लावतात आणि कोर्टमागच्या भिंती गडद ठेवतात.

दिवसाचा उजेड वापरायचाच असेल तर तो कसा घ्यायचा हे गिरण्यांच्या या शहराला ठाऊक असायला हवं. विणकाम खात्यांवर दातेरी छपरं असायची, काचा उत्तरेकडे, म्हणजे मागावर थेट ऊन न पडता सारखा उजेड मिळे. पण ही युक्तीही डोळे झाकून उचलू नये. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, येऊन गेला की जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळी शिबिरं ऐन भरात असताना उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत येणार. काचेवर आडव्या पट्ट्यांची सावली लागणार, किंवा काच दुधी लागणार. युरोपातला नकाशा जसाच्या तसा इथे लावला तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

कोब्यावर मॅट? गुडघ्यांना विचारा. उडी मारून उतरणाऱ्याच्या पायाखाली जमिनीने थोडं दबायला हवं, आणि चेंडू मात्र मेल्यासारखा पडता कामा नये. खेळाच्या फरशीचं ईएन 14904 हे युरोपीय मानक दोन्ही मोजतं: धक्का किमान 25 टक्के शोषला जावा आणि चेंडूची उसळी काँक्रीटवरच्या उसळीच्या किमान 90 टक्के राहावी. पातळ मॅटखाली कडक कोबा असेल तर शाळकरी पोरांच्या नडग्या दोन हंगामांत बोलायला लागतात. शिवाय व्हॉलीबॉलचे आणि खो-खोचे खांब रोवायचे कुठे? त्यांची भोकं, वर झाकणासकट, कोबा ओतण्याआधी ठरवावी लागतात.

मातीतल्या खेळांचं उत्तर छोटं आहे. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियमवर झाला, मॅटवर. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताची. कबड्डी तर कधीच मॅटवर गेली. वेळापूरसारख्या गावामुळे ज्या जिल्ह्याचं नाव खो-खोत घेतलं जातं, तिथल्या मुलींनी मॅटवर पहिला सूर थेट मोठ्या स्पर्धेत मारावा का?

पट्टे मारून हॉल बहुउद्देशीय होत नाही, मापाने होतो. हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर. भोवती जागा सोडून 45 बाय 24 चा मोकळा चौक धरला तर त्यात बाकीचे खेळ आपोआप बसतात. बास्केटबॉलचं 28 बाय 15 चं मैदान बसतं, 27 बाय 16 चा खो-खो बसतो, व्हॉलीबॉलची तीन मैदानं आडवी बसतात किंवा बॅडमिंटनची पाच कोर्ट. मधे जाळीचा पडदा सोडला की एकीकडे बॅडमिंटन, दुसरीकडे व्हॉलीबॉल. आणि गोदामाची आठवण जिथे खरोखर यायला हवी होती तिथे फॉरवर्डवाल्याला आली नाही: खो-खोची मॅटच 432 चौरस मीटर होते, ती ठेवायची कुठे? मैदानाच्याच पातळीवर, रुंद दाराची, ऐसपैस कोठी लागते. ती नसली की मॅट जिन्याखाली, बास्केटबॉलचे सरकते खांब कोपऱ्यात आणि मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत जाळ्यांचे ढीग.

राहता राहिलं लग्न. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, आणि शाळांना सुट्टी असल्याने खेळाची शिबिरंही तेव्हाच. ‘उरलेले दिवस’ म्हणून जे मोजलेत ते उरलेले नाहीतच. वर खुर्च्यांचे पाय, मांडवाचे खिळे, सांडलेलं तेल. लाकडी फरशीवर तेलाचा डाग म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी घोटा.

देखभालीचा पैसा कुठून येणार, हा फॉरवर्डमधला प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाच बॅडमिंटन कोर्ट सकाळी 5 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 10 अशी तासावर दिली तर दिवसाला 45 तास विकायला मिळतात. त्यातले किती तास पैसे भरणाऱ्यांना, किती शाळांना, किती कबड्डी-खो-खोच्या मंडळांना आणि तासाचा दर काय, यावर भांडा. मीही येतो भांडायला.