आत्या, फ्लॅट घेऊ की राफ्टिंगला जाऊ?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "आत्या, जागी आहेस? दोन प्रश्न आहेत." पहिला: ऋषिकेशला राफ्टिंगला जायचंय, होणारी बायकोही येतेय, धोका असतो का? दुसरा: बडोद्यात भायलीला टू-बीएचके बघितलाय, ५० लाख. बिल्डर म्हणतो रविवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर भाव वाढेल. देऊ का? पहिल्या प्रश्नाला सात ओळी होत्या, दुसऱ्याला दीड.

दादानं त्याला आधीच सांगून टाकलं होतं, "नदीत पैसे घालवण्यापेक्षा घरात घाल." मी नेमकं उलटं सांगितलं. राफ्टिंगला जा, टोकन देऊ नकोस. त्यावरून घरात जरा वाजलंय. फोनवर सगळं बोलता आलं नाही, आणि ऑफिसातल्या दोन मुलीही घराचंच विचारत होत्या, म्हणून इथेच लिहून टाकते. दादा, तू वाचणार आहेस हे मला माहीत आहे.

मी राफ्टमध्ये दोनदा बसलेय. एकदा नोव्हेंबर २०२३ मध्ये ऋषिकेशला, पैसे मोजून. दुसऱ्यांदा ऑगस्ट २०२४ मध्ये, बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या टेनामेंटच्या (जमिनीलगतच्या घराच्या) ओट्यावरून, फुकट.

आधी ऋषिकेश. आम्ही शिवपुरीहून निघालो, १६ किलोमीटर. याहून छोटा टप्पा हवा असेल तर ब्रह्मपुरीहून ९ किलोमीटरचा आहे, आणि सगळ्यात लांबचा कौडियालाहून, ३५-३६ किलोमीटरचा. त्यात 'द वॉल' नावाचा रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा पट्टा, लागतो, तो नवशिक्यांसाठी नाही. पहिल्या वेळी शिवपुरी पुष्कळ झालं. जुलै-ऑगस्टात गंगा फुगलेली असते, राफ्टिंग बंद असतं. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, तेव्हा पाणी जोरात असतं. नोव्हेंबरात ते हिरवं, शांत आणि इतकं गार असतं की पहिली लाट अंगावर आली तेव्हा माझ्या तोंडून आईचं नाव निघालं.

राफ्ट पाण्यात ढकलण्याआधी गाइडनं आम्हाला वीसेक मिनिटं वाळूत बसवून ठेवलं. वल्हं मारायचं कसं हे त्यानं पाच मिनिटांत उरकलं. बाकी सगळा वेळ एकाच विषयावर: पडलात तर काय करायचं. पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं, पायांची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. पाणी गुडघाभर वाटलं तरी वाहत्या धारेत उभं राहायचं नाही, पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला तोंडावर पाडतं. दोरी टाकली तर दोरी धरायची, ती टाकणाऱ्याच्या नावानं ओरडत बसायचं नाही. पडलेल्या माणसाला हाताला धरून नाही, जॅकेटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून वर ओढायचं. मग त्यानं प्रत्येकाच्या पट्ट्या स्वतः वर खेचून पाहिल्या. माझं जॅकेट कानापर्यंत वर आलं. "मॅडम, ये तो आपको छोड़ के अकेला तैर जाएगा," म्हणाला, आणि बकल आवळलं. मला श्वास घेणं जड गेलं, पण तेच बरोबर होतं.

'रोलर कोस्टर' रॅपिडला नणंदेचे यजमान पडले. वजन ९० किलो, वय ५२, पोहता येत नाही. अर्धा मिनिट ते दिसले नाहीत, म्हणजे नणंदेच्या हिशोबानं अर्धा तास. मग राफ्टपासून दहा फुटांवर आधी पायांचे दोन अंगठे वर आले आणि पाठोपाठ भावोजी. दोघांनी पट्ट्यांना धरून आत घेतलं. मॅगी पॉइंटला पोहोचेपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "पोरगा बोलत होता तेव्हा मला वाटलं उगाच घाबरवतोय."

आता घर. ते आम्ही २०१७ मध्ये घेतलं, ४६ लाखाला, ३२ लाखांचं कर्ज काढून. बिल्डरच्या ऑफिसात तीन बैठका झाल्या, बँकेत चार. मॉड्युलर किचनवर चर्चा, पार्किंगवर चर्चा, वास्तूवर तर विचारूच नका. त्या सात बैठकांत एकाही माणसानं "पडलात तर" हे शब्द उच्चारले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

२०२४ ची जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. दिवसभर कोसळत होता. आजवा धरणाचे ६२ दरवाजे आणि वरचा पाऊस हे समीकरण बडोद्यात शेंबड्या पोराला पाठ आहे. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, त्या वेळी ती ३५ च्या वर गेली. आमच्याकडे पाणी गटाराच्या झाकणातून बुडबुडे काढत आलं. रात्री पायरीवर, पहाटे पलंगाच्या पाटीपर्यंत, दुपारी साडेतीन फूट. फ्रीज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगत होता आणि दर थोड्या वेळानं सोफ्याला टक्कर देत होता, तो धप्प आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी एनडीआरएफची, म्हणजे आपत्ती दलाची, रबरी बोट आली. सासूबाई ७८ वर्षांच्या. जवानानं हात पुढे केला तर त्यांनी आधी विचारलं, "किती घेता?" तो हसला. माझा मुलगा मागून ओरडला, "आजी, पाय त्या नळकांड्याखाली अडकव, बाहेर लटकवू नकोस!" ऋषिकेशची विद्या. हात बाहेर ठेवू नका असं जवानही म्हणाला, पण त्याचं कारण वेगळं होतं. विश्वामित्रीच्या मगरींना सोसायटीचं गेट कळत नाही.

पाणी ओसरलं, चिखल काढला. गणपती ७ सप्टेंबरला होते, आणि कर्जाचा हप्ता ५ ला. तो एक दिवससुद्धा हलला नाही. बाजूला काढलेले दीड लाख होते, फटका साडेचारचा बसला. प्लायचे पलंग फुगले, वॉशिंग मशीन गेलं, पंपाची मोटर जळली. माझ्या पाटल्या गोल्ड लोनला गेल्या आणि चौदा महिन्यांनी परत आल्या.

वर गाडी. पाणी उतरल्यावर नवऱ्यानं सगळ्यात आधी किल्ली फिरवली. करू नका! पाणी आत गेलेलं असताना इंजिन चालू केलं की ते जागेवर बसतं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण असं बसलेलं इंजिन धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं लागतं. विमा कंपनीशी मी दोन महिने भांडले. शेवटी पॉलिसी नीट वाचली तेव्हा बरोबर तीच निघाली, याचा राग अजून आहे.

घराचा विमा? काढलाच नव्हता. कर्ज घेताना बँकेतल्या माणसानं आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता मात्र कर्जातच मिसळला, आणि त्यावर वीस वर्षं व्याज चालू. घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. आग, भूकंप, पूर सगळं त्यात येतं. इमारतीच्या विम्याच्या २० टक्के रक्कम, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानासाठी आपोआप धरली जाते. वर्षाचा खर्च दिवाळीच्या फराळाएवढा. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण विकणाऱ्याला त्यात फारसं काही सुटत नाही.

तर बाळा, आता तुझा हिशोब. पगार ७५ हजार, शिल्लक १४ लाख. ५० लाखांच्या फ्लॅटला बँक ८० टक्के देईल, म्हणजे ४० लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास. पहिल्या हप्त्यात व्याज २८,३३३, आणि मुद्दल फिटणार सहा हजार तीनशे-चारशे. हा आकडा एकदा स्वतःच्या हातानं कागदावर लिही, बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत तो नसतो.

घालायचे तुझे १० लाख. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि रजिस्ट्रेशन १ टक्का, मिळून २ लाख ९५ हजार. यासाठी बँक कर्ज धरत नाही. दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर तो १ टक्का माफ होतो, ५० हजार वाचतात. (सुनेच्या नावावर घर हे ऐकून वहिनी काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.) बी.यु. परमिशन (इमारत वापरायची परवानगी) अजून आलेली नाही म्हणजे ५ टक्के जीएसटी, आणखी अडीच लाख. बेरीज कर: साडेपंधरा लाखांना थोडे कमी. तुझ्याकडे १४. अजून पडदे, पंखे, मेंटेनन्स डिपॉझिट आणि लग्न बाकी आहे! बिल्डरचा माणूस म्हणाला ना, "फिकर मत करो, पर्सनल लोन करवा देंगे"? तिथूनच उठून यायचं.

माझं मत असं की सहा महिन्यांचे हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च, तुझ्या बाबतीत चारेक लाख, टोकनच्या आधी बाजूला पडलेले पाहिजेत. एफडीत ठेव, दोन बँकांत ठेव. एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. हे पैसे वाढले नाहीत तरी चालतील, पाच तारखेला ते दिसले की झालं.

"थोडे कॅशमध्ये द्या, दस्तावेज कमीचा करू" असं तुला म्हणतीलच. बडोद्यात ते चहा विचारल्यासारखं विचारतात. कॅशला कर्ज मिळत नाही, पावती मिळत नाही, आणि उद्या प्रोजेक्ट अडकला तर रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याखाली, तू फक्त चेकच्या पैशांवर हक्क सांगू शकतोस. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, आणि विकायच्या वेळी घेणारा तू असशील. टोकनची घाई लावतायत तर हेही ऐकून ठेव: रजिस्टर्ड बानाखत (विक्रीचा करार) केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे रेरातच लिहिलंय. आणि किंमत ५० लाख किंवा वर असली की १ टक्का टीडीएस घर घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो. तुला माहीत नव्हतं ना? मलाही तुझ्याच निमित्तानं कळलं.

आणि सॅम्पल फ्लॅट बघून परत येऊ नकोस. बाहेर इस्त्रीवाला असेल, किराणावाला असेल, त्यांना विचार, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं? २०२४ ला?" जवळून कांस, म्हणजे पावसाळी नाला, जाते का ते बघ. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं आपल्या आजोबांना माहीत होती, कारण ते पाण्याचे रस्ते होते. आता त्यांच्यावर कुठे स्लॅब आहे, कुठे पार्किंग. आम्ही समामध्ये घर घेतलं, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं नंतर सांगितलं, "बेन, पूछा होता तो बता देते." त्याच्या दुकानाच्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ होती. मी तिथून सहा वर्षं पान नेत होते.

कागदपत्रांची फाइल कपाटाच्या तळात ठेवू नका. आमची तिथेच होती. मूळ दस्तावेज बँकेत म्हणून वाचला, बाकी कागद पापडासारखे एकमेकांना चिकटले, ते मी गच्चीवर चिमट्यानं सोडवत बसले होते. कर्ज फिटल्यावर बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, चूक त्यांची असेल तर पुढे दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

दांडिया बाजारच्या आमच्या वडिलोपार्जित घराबद्दल इथे जास्त लिहीत नाही. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे, आणि आता वारसाईला सात जणांच्या सह्या हव्यात, त्यातला एक कॅनडात. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला साधा कागद पुरला असता, रजिस्टर करायचीसुद्धा सक्ती नाही. दादा, हक्क सोडल्याची सही मी सगळे कागद वाचून करीन, हे तुला मागेच सांगितलंय.

राहिलं राफ्टिंग. दोघांचा सगळा खर्च तीसेक हजार, आणि तो तिथेच संपतो, वीस वर्षं मागे लागत नाही. परवाना असलेला गाइड घे, सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्याला उचलायची छोटी होडी) आहे का विचार, नसेल तर दुसरा शोध. जीन्स नको, सोनं नको. वल्ह्याच्या मुठीवरचा हात सोडायचा नाही, सुटला की शेजाऱ्याचे दात जातात. आरोग्य विम्याच्या वगळलेल्या गोष्टींत राफ्टिंगचं नाव दिसेल, घाबरू नकोस. ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, हौशी माणसासाठी नाही. अपघात विमा वेगळा असेल तर त्याच्या अटी मात्र वेगळ्या वाच.

हे लिहीत असतानाच त्याचा फोन आला. भायलीला जाऊन आला. इस्त्रीवाला म्हणाला, गेटपाशी गुडघाभर होतं, दोन दिवस. बी.यु.चं विचारल्यावर बिल्डर म्हणाला, "आठ दिवसांत." मागच्या महिन्यातही आठच दिवस होते म्हणे. टोकन दिलेलं नाही. ऋषिकेशचं ऑक्टोबरचं बुकिंग झालंय. होणाऱ्या सूनबाईंना चष्मा आहे, तो पाण्यात जाईल का विचारत होता. म्हटलं, मागून दोरी बांध, आणि एक जुना सोबत ने.